मुद्दा शेवटचा: पाण्यात उतरवणे

यादी केली की निम्मं काम झालं, आणि ती स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवून काढली की उरलेलं निम्मं झालं, असं अनुक्रमरावांचं पक्कं मत होतं. अभिलेख कक्षात तेहेतीस वर्षं काढलेल्या माणसाचं दुसरं मत असणार तरी कसं? हे नाव त्यांना कचेरीने ठेवलं होतं आणि निवृत्तीच्या दिवशी ते त्यांच्या मागोमाग घरी आलं. घरात त्यांच्या दाढीला क्रम होता, गोळ्यांना क्रम होता, इतकंच काय, रुसण्यालासुद्धा होता: आधी वर्तमानपत्र उंच धरायचं, मग चहा नको म्हणायचं, मग बाल्कनीत जाऊन उभं राहायचं. बायको पहिल्या पायरीलाच ओळखायची आणि चहा टाकायची.

अशा या माणसाच्या पार्किंगमध्ये एका मंगळवारी सकाळी, चाकांच्या ट्रॉलीवर बसून, अठरा फुटांची एक जुनी लाकडी मोटरबोट आली.

बोट सासऱ्यांची. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. ती ज्या गोदामात पडून होती ते मेहुण्याने विकायला काढलं आणि "तुला हवी असेल तर घेऊन जा, नाहीतर भंगारवाला उभाच आहे" असा फोन बहिणीला केला. बहिणीने, म्हणजे अनुक्रमरावांच्या बायकोने, फोन ठेवायच्या आत "पाठव" म्हणून टाकलं. नवऱ्याला विचारलं नाही. एकतीस वर्षांच्या संसारात तिने विचारल्याशिवाय काही मागवण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे अनुक्रमरावांना नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. बोटीबरोबर एक पत्रही आलं होतं. नौका नोंदणी कार्यालयाचं म्हणणं असं, की तीन महिन्यांच्या आत ही बोट निरीक्षकांना तलावात तरंगताना दाखवावी. न दाखवल्यास तिचा नंबर रद्द होईल, आणि इतक्या जुन्या बोटीला नवा नंबर मिळत नाही. म्हणजे त्या तलावावर ती पुन्हा कधीच जाणार नाही.

"बाबांच्या मांडीवर बसून सुकाणू धरायला शिकले मी हिच्यात," बायको बोटीच्या काठावरून हात फिरवत म्हणाली. "मला एकदा पलीकडे जाऊन यायचंय. एकदाच. तुम्ही आणि मी. मग हिचं काय करायचं ते करा."

अनुक्रमराव बोटीपासून दोन पावलं मागे सरकले. कारण सांगतो, पण तुमच्यापाशी ठेवा, कारण तेव्हा ते त्यांच्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. निदान त्यांना तसं वाटत होतं. अनुक्रमरावांना पाण्याची भीती वाटायची. साधीसुधी नव्हे. बादलीतलं पाणीसुद्धा ते काठाकाठाने तांब्याने घेत. पुलावरून जाताना बसमध्ये ते तिकीट वाचत. सासरे हयात होते तोवर दर सुट्टीत जावयाला बोटीतून फिरायला बोलवायचे, आणि दर सुट्टीत जावयाला सर्दी व्हायची. आपला जावई तब्येतीने नाजूक आहे असा समज करून घेऊन सासरे गेले. एरवी खोटं बोलायला घाबरणाऱ्या अनुक्रमरावांनी आयुष्यात एवढं एकच खोटं सांभाळलं होतं.

तर आता काय करायचं? त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. यादी केली.

यादी मात्र बघण्यासारखी होती. मुद्दा एक, बोट झाडणे. मुद्दा दोन, झाडल्यावर जे सापडेल त्याची नोंद करणे. पुढे जुना रंग खरवडणे, कुजक्या फळ्या बदलणे, इंजिन, वायरिंग, सुकाणू, नवा रंग, वाळण्याचे दिवस, असं करत करत एकेचाळिसावा मुद्दा होता: पाण्यात उतरवणे. अनुक्रमरावांनी तो लिहिला आणि त्याच्या आधीचे चाळीस मुद्दे डोळे भरून पाहिले. चाळीस भिंतींच्या मागे बसल्यासारखं त्यांना सुरक्षित वाटलं.

पण यादीत लिहिलेली माणसं यादीप्रमाणे वागत नाहीत, हा अनुभव त्यांना कचेरीत कधी आला नव्हता, कारण कचेरीत माणसं कपाटात असत. गॅरेजवाला आला, त्याने इंजिनाकडे नुसतं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "इंजिन मी करतो हो, पण बसवू कशावर? खालचं लाकूड खिळखिळं झालंय. आधी लाकूड करून घ्या, मग मला फोन मारा." बोटीची कामं करणारे म्हातारे मिस्त्री आले, त्यांनी बोटीला तीन ठिकाणी बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "लाकूड होईल. पण इंजिन डोक्यावर ठेवून मी तळ कसा उघडू? आधी इंजिन उतरवा." रंगारी आला तो खाली न उतरता स्कूटरवरूनच म्हणाला, "सगळ्यांचं झालं की मी." धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. दुसरा कोणी असता तर वैतागला असता. अनुक्रमराव मनातून सुखावले. ज्या गाठीला टोकच नाही ती सुटणार कशी, आणि ती सुटेपर्यंत तलावाकडे जाणार कोण?

त्यात शेजारच्या विमेवाल्यांनी भर घातली. बोटीचा मागचा तीन फूट भाग त्यांच्या पार्किंगच्या जागेत येत होता, पण त्यांनी तक्रार केली नाही. त्यांनी त्याहून वाईट गोष्ट केली, सल्ला दिला. आयुष्यभर विमा विकल्यामुळे त्यांच्याकडे अपघातांचा मोठा साठा होता, आणि रोज संध्याकाळी ते त्यातला एक काढायचे.

"माझ्या एका ग्राहकाची गोष्ट. पट्टीचा पोहणारा बरं का. पाणी किती, तर गुडघाभर."

"गुडघाभर?" अनुक्रमराव विचारायचे.

"गुडघाभर. पण पाय अडकला. घाबरवत नाही तुम्हाला, फक्त सांगतोय. शिट्टी ठेवा जवळ. माणसाला ओरडता येत नाही त्या वेळी, पण शिट्टी वाजते."

अनुक्रमराव वर जाऊन यादीत 'शिट्टी' लिहायचे. दुसऱ्या दिवशी दोरी. तिसऱ्या दिवशी दुसरी दोरी, कारण एका ग्राहकाची पहिली दोरी तुटली होती. मग लाइफ जॅकेट, मग ते फुगतं की नाही याची चाचणी, मग उन्हात चमकवून लांबच्या माणसाला खूण करायला आरसा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथे ब्रह्मराक्षस शेजारीच राहायला होता. पाण्यात उतरवण्याचा मुद्दा अठ्ठावन्नावर गेला.

नोंदणी कार्यालयाने त्यांना वेगळंच दुखवलं. निरीक्षकांची तारीख मिळवण्यासाठी अर्ज करायचा होता. अर्जाबरोबर इंजिन चालू असल्याचा दाखला हवा होता. तो दाखला फक्त चालू नंबर असलेल्या बोटीला मिळत होता, आणि नंबर चालू राहण्यासाठी निरीक्षकांची तारीख हवी होती. एवढ्याने अनुक्रमराव खचले नसते, अशा गोलात ते वाढलेले होते. पण खिडकीतल्या बाईंनी त्यांची फाइल उघडली, दोन पानं उलटली आणि परत सरकवली.

"कागद क्रमाने लावलेले नाहीत तुमचे."

अनुक्रमरावांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "माझे?"

"आमच्याकडे शेवटचं पान वर असतं, काका. उलटं लावून आणा."

घरी परतताना ते बसमध्ये उभे राहिले. सीट रिकामी होती, पण बसावंसं वाटेना. तेहेतीस वर्षांत ज्यांच्या फाइलचं एक पान इकडचं तिकडे झालं नाही, त्यांना एका खिडकीने क्रम शिकवावा! त्यांनी पानं उलटी लावली, पुन्हा गेले, आणि त्याच बाईंनी "दाखला नंतर जोडा" म्हणत तारीख देऊन टाकली. मुदत संपायच्या आदल्या दिवसाची, दुपारी चार. एवढ्या सहज. अनुक्रमरावांची पाचावर धारण बसली. दाखल्यावर त्यांची फार भिस्त होती.

त्यांची भीती किती खोल गेली होती ते एका दुपारी कळलं. बाकांची मापं घ्यायला ते पार्किंगमध्ये बोटीत चढून बसले होते. पलीकडे कोणीतरी गाडी धूत होतं. ते पाणी वाहत वाहत ट्रॉलीच्या चाकांखाली आलं. अनुक्रमरावांनी काठावरून खाली पाहिलं, पाणी हलताना दिसलं, आणि त्यांनी दोन्ही हातांनी बोटीचा काठ गच्च धरला. बोट जमिनीवर होती, चाकांवर होती, चाकांना विटा लावलेल्या होत्या. तरी फरशी वाळेपर्यंत ते उतरले नाहीत. बायको जिन्यावरून बघत होती.

संध्याकाळी तिने यादी मागितली. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली.

"एकेचाळीस होता तो मुद्दा. मग अठ्ठावन्न झाला. आता त्र्याहत्तर. अहो, बोट जागच्या जागी आहे आणि तलाव लांब लांब चाललाय."

"घाईत काही राहून गेलं तर?"

"अठरा दिवस राहिलेत. काय राहून जायचं ते जाऊ दे." आणि तिने फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिने मिस्त्री आणि गॅरेजवाला दोघांनाही एकदम बोलावलं, बोटीच्या दोन बाजूंना उभं केलं आणि म्हणाली, "आता एकमेकांकडे बघून सांगा, आधी कोण?" दोघे एकमेकांकडे बघून लाजले. दहा मिनिटांत ठरलं: इंजिन चार दिवस बाजूला ठोकळ्यांवर, मिस्त्रींचा तळ, मग इंजिन परत, रंगारी शेवटचे दोन दिवस. अडीच महिन्यांची गाठ दहा मिनिटांत सुटली आणि अनुक्रमरावांना कोणी एक शब्द विचारला नाही. त्यांनी वर जाऊन वर्तमानपत्र उंच धरलं. चहा नको म्हणाले. बाल्कनीत जाऊन उभे राहिले. खालून ठोकाठोकीचा आवाज येत होता आणि त्यात बायकोचं हसणं मिसळलेलं होतं. ती बऱ्याच दिवसांनी तसं हसत होती, हे त्यांना ऐकू आलं आणि उगाच भरून आलं. ते खाली गेले.

खाली गेले हीच चूक झाली. मिस्त्री फळ्यांच्या सांध्यांत बाहेरून सुताचे पीळ ठोकून बसवत होते. आतून पाहिलं तर फळ्यांमध्ये फटी दिसत होत्या. काही फटींतून चक्क उजेड येत होता.

"मिस्त्री, या फटी?"

"राहू द्या. मोकळ्या हव्यात."

"पण यातून पाणी..."

"पाणी बघेल त्याचं ते," मिस्त्री म्हणाले आणि हातोडी उचलली.

पाणी बघेल त्याचं ते! या चार शब्दांनी अनुक्रमरावांची झोप उडवली. कोणत्याही कार्यपद्धतीत पाण्यावर जबाबदारी टाकलेली त्यांनी पाहिली नव्हती. मिस्त्री कमी बोलणारा माणूस, आणि अनुक्रमराव भीतीमुळे जास्त विचारायला धजले नाहीत, न जाणो ते आणखी काही सांगायचे. मिस्त्री दोन दिवस भाचीच्या लग्नाला गेले तेवढ्यात त्यांनी बाजारातून दोन डब्यांतलं, एकत्र कालवलं की दगडासारखं घट्ट होणारं लुकण आणलं आणि आतून एकेक फट भरून काढली. गुपचूप. सगळ्यांच्या चहाच्या वेळात. अर्थात नोंद ठेवून: डावी बाजू, फळी तीन, मागून दोन हात, उजवी बाजू, फळी पाच, पूर्ण. एकूण एकोणीस जागा. वरून त्यांनी खालच्या लाकडाच्याच रंगाचा हात फिरवला. त्या दोन दिवसांत त्यांना पहिल्यांदा शांत वाटलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला बोट तलावावर पोचली. धक्का दगडी आणि उंच होता. ट्रॉली उताराने पाण्यात गेली, बोट अलगद सुटली, आणि तरंगली. बायकोने टाळ्या वाजवल्या आणि परकरी पोरीसारखी उडी मारून आत गेली. मिस्त्री मागोमाग. अनुक्रमराव दोन्ही लाइफ जॅकेटं अंगावर चढवून, शिट्टी गळ्यात घालून, धक्क्याच्या मधोमध, पाण्यापासून सात पावलांवर उभे राहिले. दोर त्यांच्या हातात होता, आणि तो धरून ठेवणं हेच आपलं काम, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पाच मिनिटांत बायको म्हणाली, "पाणी येतंय."

"येणारच," मिस्त्री म्हणाले. "सहा वर्षं वाळलेलं लाकूड आहे. पाणी प्यायलं की फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. तीन-चार तास उपसत राहायचं, मग थेंब येत नाही." आयुष्यात ते एका दमात एवढं बोलले नसतील. तेवढ्यात आतून काहीतरी 'टक्' करून वाजलं. मग आणखी एक. मिस्त्रींनी वाकून फळीवरून बोट फिरवलं, नखाने रंग खरवडला आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"हे कोणी भरलं?"

अनुक्रमरावांनी हातातल्या दोराकडे पाहिलं.

"लाकडाला फुगायला जागाच नाही. मध्ये दगड बसलाय. हा कोरून काढला नाही तर फटी मिटायच्या नाहीत, फळ्याच उचकटतील." मिस्त्रींनी बादली उचलली. "आम्ही दोघं उपसतो. पण कोरायला तिसरा हवा."

तिसरा धक्क्यावर एकच होता. गॅरेजवाला इंजिन चालू करून दाखवायला थेट चारला येणार होता. अनुक्रमरावांनी दोर मागच्या खुंट्याला बांधला, खिशातून नोंदवही काढली आणि लांबूनच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "डावी बाजू, फळी तीन, मागून दोन हात..."

"मागून म्हणजे कुठून मोजू?" बायको उपसता उपसता ओरडली. पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं होतं. "वरून तिसरी की खालून?"

"खालून! म्हणजे मी उभा होतो तिथून..."

"तुम्ही कुठे उभे होतात ते मला काय माहीत! अहो, इकडे या ना!"

बोट मघापेक्षा खाली बसलेली दिसत होती. बायको एका हाताने बादली ओतत होती, दुसऱ्या हाताने फळ्या चाचपत होती, आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. अनुक्रमरावांचं तोंडचं पाणी पळालं. पाय पुढे टाकायचा म्हणून त्यांनी जोर लावला, पण पाय जागचा हलेना. आणि मग एकतीस वर्षं सांभाळलेलं ते वाक्य, भर दिवसा, काठावरच्या दहा-बारा माणसांसमोर, त्यांच्या तोंडून सुटलं.

"मला पाण्याची भीती वाटते!"

तलावाच्या काठावर कपडे वाळत घालणाऱ्या बायकासुद्धा वळून बघायला लागल्या.

"ते माहीत आहे हो!" बायको म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत आहे. तिसऱ्या फळीचं सांगा!"

अनुक्रमराव कसे उतरले ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. उतरण्याचा काही क्रम नव्हता. बसून, सरकत, एक पाय हवेत, डोळे मिटून आणि तोंडात शिट्टी. भीतीने श्वास सुटेल तशी ती वाजत होती. मिस्त्रींनी कमरेला धरून आत घेतलं. घोटाभर गार पाणी पायाला लागलं तशी शिट्टी लांबच लांब वाजली. मग त्यांच्या हातात छिन्नी आली, आणि ते गुडघ्यांवर बसून डाव्या बाजूची तिसरी फळी कोरू लागले. आपल्या हाताने केलेली नोंद त्यांना पाठ होती. एक जागा झाली, दुसरी झाली. काठाच्या पलीकडे त्यांनी चुकूनही पाहिलं नाही. मध्येच ते "आता बुडतोय का? आता?" असं विचारायचे आणि बायको "अजून नाही, कोरा" म्हणायची. एकोणिसावी जागा झाली तेव्हा अडीच वाजले होते. साडेतीनला मिस्त्रींनी तळावरून हाताचा पंजा फिरवला आणि तो कोरडा निघाला.

निरीक्षक चारला आले. ते धक्क्याच्या कडेला आलेच नाहीत. पाण्यापासून सात-आठ पावलांवर थांबून त्यांनी मान उंच करून विचारलं, "तरंगतेय ना?" गॅरेजवाल्याने इंजिन चालू केलं, ते खोकलं आणि लागलं. निरीक्षकांनी खूण केली, सही केली आणि मागे न बघता गाडीत जाऊन बसले. अनुक्रमरावांनी त्यांच्याकडे फार आपुलकीने पाहिलं.

बोटीचा नंबर रद्द व्हायचा वाचला. मिस्त्री धक्क्यावर चढले, गॅरेजवाला चढला. अनुक्रमराव उठले, आणि परत खाली बसले. आता बोटीत आणि धक्क्यात हातभर पाणी होतं, दगडाची कड छातीएवढी उंच होती, आणि मधलं ते हातभर पाणी हिरवंकाळं दिसत होतं.

"चला, हात द्या," मिस्त्री वरून म्हणाले.

"देतो. जरा थांबा." पाच मिनिटं गेली. "मला नाही जमायचं, मिस्त्री."

आत येताना भीती वाटली होती, आता बाहेर जायची वाटत होती. त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि डोळ्यांत पाणी आलं. बायको शेजारी येऊन बसली. त्यांच्या अंगातलं एक लाइफ जॅकेट तिने काढून घेतलं आणि स्वतः घातलं.

"हा धक्का फारच उंच आहे," ती म्हणाली. "पलीकडचा ठेंगणा आहे. तिथे आरामात उतरता येईल तुम्हाला."

"नक्की?"

"हो तर."

तिने दोर सोडायला सांगितला आणि सुकाणू धरलं. इंजिनाचा आवाज बदलला. अनुक्रमरावांनी एका हाताने बाक धरला, दुसऱ्या हाताने तिचा दंड धरला आणि डोळे मिटून घेतले. वारा लागत होता. पाण्याचे तुषार तोंडावर येत होते आणि प्रत्येक तुषाराला ते दचकत होते. बराच वेळ गेला असं वाटल्यावर, धक्का किती लांब राहिला ते बघायला, त्यांनी एक डोळा किलकिला केला. चारही बाजूंना पाणीच पाणी होतं. समोरचा काठ जवळ आला होता आणि त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती झुडपं होती.

"अगं, इथे धक्काच नाहीये!"

"नाहीच मुळी," बायको म्हणाली. तिचे केस सगळे सुटले होते, नाकाच्या शेंड्यावर पाण्याचा थेंब होता, आणि ती इतकी हसत होती की सुकाणू हलत होतं. "आता परत जावं लागणार!"

"हसू नकोस, सरळ धर ते!" अनुक्रमराव ओरडले आणि दुसराही डोळा उघडून तिच्याकडे बघत राहिले.